टोटल जुळली नसेल

संध्याकाळी अण्णांना घरी यायला उशीर झाला की आई गॅस बारीक करायची आणि म्हणायची, "टोटल जुळली नसेल."

जेल क्वार्टर्समध्ये वाढलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. दिवस मावळायच्या आत कैद्यांना बराकीत घेतात, जोडीजोडीने खाली बसवतात आणि मोजतात. बराकीचा आकडा सर्कलला, म्हणजे बराकींच्या गटाला जातो, सर्कलचा मुख्य दरवाजावर. सकाळच्या आकड्यातून कोर्टात गेलेले, दवाखान्यात पाठवलेले, सुटलेले वजा करायचे, नवे आलेले मिळवायचे. जुळलं की कुलपं लागतात आणि दिवसपाळी सुटते. एक जरी कमी भरला तरी साहेबापासून शिपायापर्यंत कुणी घरी जात नाही. बहुतेक वेळा तो 'कमी' माणूस पोट बिघडून संडासात बसलेला निघायचा, नाहीतर कारकुनाची बेरीज चुकलेली असायची. पण ते कळेपर्यंत आमच्या घरी भाजी दोनदा गरम व्हायची.

अण्णा कारागृह खात्यात शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. ठाणे, येरवडा, पैठण, आटपाडी अशा बदल्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, स्मरण मात्र लख्ख आहे. माझी भाची कायद्याला आहे. तिला प्रोजेक्टसाठी 'महाराष्ट्राची कारागृह व्यवस्था' हा विषय मिळाला आणि तिने आजोबांना फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवून मधली दुभाषी मी. तिच्या प्रोजेक्टमध्ये यातलं फारसं बसणार नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतेय.

आधी सांगाडा. राज्यात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत: मुंबई, ठाणे, तळोजा, येरवडा, नाशिक रोड, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल, अमरावती आणि नागपूर. त्याखाली जिल्हा कारागृहं, त्यांचे वर्ग एक-दोन-तीन. शिवाय खुली कारागृहं, महिलांचं कारागृह, किशोर सुधारालय. मूळ कायदा 1894 चा. फर्लो आणि पॅरोल, म्हणजे सरकारी भाषेत संचित रजा आणि अभिवचन रजा, यांचे मूळ नियम 1959 चे. भाचीने हे सगळं इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतंच. अण्णांना त्यात रस नव्हता. ते एकदम ठाण्यावर घसरले.

ठाण्याचं जेल हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी 1730 साली बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी. खाडीच्या बाजूला अजूनही ते बुरूज दिसतात. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली भिंत माणसं आत ठेवायला वापरली, हा आपल्या तुरुंगखात्याचा श्रीगणेशा. जी मजबूत जुनी वास्तू हाताशी असेल तिथे कैदी भरायचे. प्रकाश, हवा, संडास यांचा विचार नंतर, आणि तोही जमला तर.

ठाण्याची खरी गोष्ट म्हणजे त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावाचा लाडका कारभारी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा 1815 च्या जुलैत पंढरपुरात खून झाला, ठपका त्रिंबकजीवर आला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन, त्याने पेशव्यावर दाब टाकून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात आणून ठेवलं. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई. देशी शिपाई फितूर होतील अशी भीती. हीच खबरदारी अंगाशी आली. किल्ल्यातल्या एका गोऱ्या अंमलदाराकडे नोकरीला लागलेला एक मराठी मोतद्दार त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा. गोऱ्यांना वाटायचं, नेटिव आहे, गातोय. गाण्यात सगळा बेत. कलकत्त्याचा बिशप हेबर याने काही वर्षांनी आपल्या रोजनिशीत हे नोंदवलंय, त्यातला तपशील मला फार आवडतो: झुडपात स्वार चोपन्न आहेत, घोडे मात्र पंचावन्न. पंचावन्नावा स्वार यायचाय. 12 सप्टेंबर 1816 च्या रात्री, पावसापाण्यात, भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी पसार झाला. पुढे 1818 मध्ये पुन्हा सापडला आणि त्याला थेट गंगेकाठी चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तो तिथेच मेला. इतकं लांब का, तर तिथे खिडकीखाली मराठी गाणारं कुणी नव्हतं.

ही गोष्ट अण्णांना नोकरीत नवीन असताना एका जुन्या हवालदाराने सांगितली होती, आणि तात्पर्य काय, तर "कैदी गायला लागला की कान द्यायचा." अण्णा ते अजून गंभीरपणे सांगतात.

त्याच ठाण्यात 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली, नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे. आता महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था येरवडा आणि नागपूर इथेच आहे. त्या विषयावर अण्णा एक अक्षर बोलत नाहीत. भाचीने खोदून विचारलं, तर त्यांनी श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं.

येरवडा 1871 चं. हे तुरुंग म्हणूनच बांधलं, त्यामुळे आखीव आहे: उंच दगडी भिंत, आत सर्कल, सर्कलमध्ये बराकी, बराकींना यार्ड. मुख्य दरवाजाला एक छोटी दिंडी आहे. कितीही मोठा माणूस असो, तिच्यातून वाकूनच आत जातो. चापेकर बंधू आणि महादेव रानडे इथे 1898 आणि 1899 मध्ये फासावर गेले. टिळक इथे होते, नेहरू होते. सावरकर अंदमानातून आणल्यावर रत्नागिरीत आणि मग 1924 च्या जानेवारीपर्यंत येरवड्यात होते. गांधीजी तर इतक्यांदा आले की त्यांनी पत्रांवर 'येरवडा मंदिर' असा पत्ता घालायला सुरुवात केली. पेटीत घडी होऊन बसणारा तो चरखा, त्याला येरवडा चरखा म्हणतात तो इथलाच. 1924 च्या जानेवारीत त्यांचं अपेंडिक्स दुखू लागलं तेव्हा जेलमधून ससूनला हलवलं, कर्नल मॅडॉकने ऑपरेशन केलं आणि मध्येच वीज गेली. कंदिलाच्या उजेडात टाके घातले. पुण्याच्या विजेवर बोलायची हौस असणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आम्हा क्वार्टर्सच्या पोरांना दोन ऑक्टोबरला गांधी यार्डात नेत. तिथलं आंब्याचं झाड दाखवून गुरुजी सांगत, इथे पुणे करार झाला. 20 सप्टेंबर 1932 ला उपोषण सुरू, 24 ला करार. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा 71 च्या 148 झाल्या. शाळेत हे 'समेट' म्हणून शिकवलं. मोठी झाल्यावर बाबासाहेबांच्या बाजूने पाहायला लागले तेव्हा ते झाड निराळं दिसायला लागलं. वाटाघाटीला बसलेला एक माणूस जीव पणाला लावून बसलाय आणि तो गेला तर त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटणार, अख्ख्या समाजावर फुटणार. त्याला काय वाटाघाटी म्हणायचं? तुरुंगात कैदी गांधीजी होते, पण त्या दिवशी कोंडीत सापडलेले बाबासाहेब होते, असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडायला यावं, चहा देईन.

26 जानेवारी 2021 पासून येरवड्यात जेल पर्यटन सुरू झालं. शाळकरी मुलांना पाच रुपये, कॉलेजवाल्यांना दहा, बाकीच्यांना पन्नास, असे दर तेव्हा ठरले. गांधी यार्ड, टिळक यार्ड, करार झाला ती जागा असं दाखवतात. जरूर जा. फक्त दरवाजावर गेलात की उजव्या-डाव्या बाजूला मुलाखतीची रांग असते, तिच्याकडेही बघा. हातात आधार कार्ड, पिशवीत दोन बनियन आणि साबण, कडेवर पोर. काही बायका रात्रीच्या एसटीने आलेल्या असतात. मिळतात ती पंधरा-वीस मिनिटं, मध्ये काच, कानाला फोन. अलीकडे व्हिडिओवर ई-मुलाखत होते, स्मार्ट कार्डावर घरी फोनही करता येतो. 'गळाभेट' नावाचा उपक्रम आहे, त्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना आपल्या लहान मुलांना काच-जाळीविना, प्रत्यक्ष मांडीवर घेऊन भेटता येतं. अण्णांच्या काळात हे असतं तर, असं आई एकदा म्हणाली. त्यांच्या वेळी जाळी होती, दुहेरी, आणि दोन्हीकडून एकदम वीस माणसं ओरडायची. कुणाचं कुणाला ऐकू यायचं देव जाणे.

सोयींचं विचारशील तर, असं मी भाचीला म्हटलं, कागदावर यादी लांब आहे. बेकरी, सुतारकाम, लोहारकाम, हातमाग, यंत्रमाग, लाँड्री, छापखाना. सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी टेबलं आणि खुर्च्या कैद्यांच्या हातच्या आहेत. नाशिक रोडला कैदी गणपती घडवतात, त्यांना चांगली मागणी असते. आमच्या घरात अजून येरवड्याची एक सतरंजी आहे, निळ्या-लाल पट्ट्यांची, तीन लग्नं आणि एक गच्चीवरची कोजागरी दरवर्षी सोसून टिकलेली. विणीला धक्का नाही. मजुरी कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी लावतात, आणि ती बाहेरच्या मजुरीच्या जवळपासही नसते. राज्य सहकारी बँकेने मे 2022 पासून 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली, कैद्याला जेलमधल्या कमाईच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत, सात टक्के व्याजाने, जामीनदाराशिवाय. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. घरातला कमावता माणूस आत गेला की बाहेर सावकार दार वाजवायला लागतो, हे कुणीतरी ओळखलं.

महिला कैद्यांच्या मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहता येतं. क्वार्टर्समधून बालवाडीच्या गाण्यांचा आवाज यायचा भिंतीपलीकडून, तो या मुलांचा, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

आणि एक गोष्ट कुठल्याही यादीत नसायची. झाडलोट कुणाला आणि भटारखाना कुणाला, हे देशातल्या कित्येक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये जात बघून ठरत होतं. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उघड केलं, कोर्टात गेल्या, आणि 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. जातीचा रकाना कैद्यांच्या नोंदवहीतून काढा म्हणून सांगितलं. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर.

आता गर्दी. राज्यातली कारागृहं क्षमतेच्या दीडपट भरलेली असतात असं वर्षानुवर्षं चालू आहे, पण सरासरी फसवी असते. मुंबईचं आर्थर रोड बघा. कागदावर हजाराच्या आसपास माणसांची जागा, आत तीन हजारांवर. तिथे झोपायचीही पाळी लागते, कुशीवर झोपायचं आणि कूस सगळ्यांनी मिळून बदलायची. आणि यात पक्के कैदी किती? देशभर दर चार कैद्यांमागे तीन कच्चे, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली लागलेला नाही. जामीन मंजूर आहे पण जामीनदार मिळत नाही म्हणून आत, असेही त्यात असतात. 2020 मध्ये करोनाच्या वेळी उच्चाधिकार समिती बसली आणि काही महिन्यांत राज्यातून हजारोंच्या संख्येने माणसं तात्पुरती सोडली गेली. म्हणजे मनात आणलं तर होतं.

इथवर भाची भराभर लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "आजोबा, तुमची सगळ्यांत चांगली पोस्टिंग कुठली?" अण्णा क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "स्वतंत्रपूर."

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे हे. माणदेश, पावसाने कायम दगा दिलेला मुलूख. 1939 साली औंध संस्थानाने इथे एक प्रयोग केला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनिअर, जो भारतानंद नावाने इथलाच होऊन गेला, या मंडळींनी ठरवलं की खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्यांना भिंतीशिवाय ठेवायचं. जमीन द्यायची, घर द्यायचं, बायकापोरांना बोलावू द्यायचं. 1939 साली! शेजारच्या इंग्रजी मुलखात तेव्हा कैद्याच्या पायात बेड्या होत्या. शांतारामबापूंनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ'मध्ये पडद्यावर आणलेली सहा कैदी आणि एका जेलरची गोष्ट इथूनच उचललेली, ती लिहिणारे गदिमा याच माणदेशाचे. तो सिनेमा बर्लिनपर्यंत गाजला. वसाहत मात्र होती तेवढीच राहिली.

अण्णांची तिथे बदली झाली तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे गेलो. मी आठवीत असेन. मला अपेक्षा होती बुरुजाची. समोर ज्वारीची वैरण रचलेली, दोन म्हशी, दगडमातीच्या खोल्यांची एक ओळ, आणि चुलीपुढे भाकरी थापणारी एक बाई. तिच्या नवऱ्याने भावकीच्या बांधावरून चुलत्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती. त्या बाईने आम्हाला भाकरीवर ठेचा आणि तेल घालून दिलं. नवरा विहिरीवरून आला, अण्णांना रामराम घातला आणि माझ्या धाकट्या भावाला पाठीवर घेऊन मोटारीचा पंप दाखवायला घेऊन गेला. आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. काही बोलली नाही, पण भाऊ परत येईपर्यंत तिने पाण्याचा पेला खाली ठेवला नाही.

संध्याकाळी मोजणी इथेही व्हायची. अण्णा ओट्यावर वही घेऊन बसायचे, एकेकजण येऊन समोर उभा राहायचा. कुणी यायला उशीर केला तर अण्णा हाक मारायचे, "अरे, गाय व्याली का?" आणि कधी कधी खरंच व्यालेली असायची. पोरं गावातल्या शाळेत जायची, त्यांना कुणी कैद्याची पोरं म्हणायचं का, असं मी विचारल्याचं आठवतं. अण्णा म्हणाले, "म्हणतात. मग ती मारामारी करतात. मग मास्तर मला बोलावतात."

पैठणलाही खुलं कारागृह आहे, जायकवाडीच्या पाण्यावर मोठी शेती करतात. येरवड्याच्या आवारातही एक आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात विसापूरला आहे. बंद कारागृहात काही वर्षं नीट काढलेले, शिक्षा लागलेले कैदीच तिथे निवडतात, आणि तिथे शिक्षेत माफी जास्त मिळते म्हणून सुटका लवकर होते. भिंत, बुरूज, पहारेकरी यांचा खर्च वाचतो. धान्य-भाजी पिकते. देशात यात राजस्थान सगळ्यांत पुढे आहे, आणि मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की गर्दीवर खुली कारागृहं हा एक उपाय होऊ शकतो.

मग आपल्याकडे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत हे वाढलं का नाही? भाचीचा प्रश्न. मी आपली सरकारी उदासीनता वगैरे सांगायला लागले. अण्णांनी मला थांबवलं.

"खुल्या जेलातून एक पळाला," ते म्हणाले, "की पेपरात येतं, चौकशी लागते, शिपाई सस्पेंड होतो, साहेबाची बढती अडकते. बराकीत पन्नासाच्या जागी दीडशे झोपले तर कोण सस्पेंड होतं?"

भाचीने हे जसंच्या तसं लिहून घेतलं. बत्तीसएक वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे कधी घरात बोलून दाखवलं नव्हतं. मी त्यावर विचार करतेय. सगळं खातं मोजणीवर चालतं, पण मोजतात फक्त कमी पडलेला माणूस. जास्त झालेल्या शंभरांची बेरीज रोज फळ्यावर लिहिली जाते आणि जुळली म्हणून कुलपं लागतात. पळून गेलेल्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर पडते, कोंबलेल्यांची कुणाच्याच नाही. असं असताना कुठला अधीक्षक हौसेने म्हणेल की माझ्याकडचे आणखी दोनशे खुल्यात पाठवा?

एक खरं, की खुल्या कारागृहाने कच्च्या कैद्यांची गर्दी हटणार नाही, कारण तिथे फक्त पक्के जातात. कच्च्यांसाठी उपाय कोर्टात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं असं आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि दुसरे खटले नसतील तर. यासाठी अर्ज करायचं काम कारागृह अधीक्षकावरच टाकलंय. भाचीला मी म्हटलं, प्रोजेक्टपेक्षा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन असे अर्ज लिहायला बस, शिकशील जास्त.

डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्राचा स्वतःचा नवा कारागृह कायदा मंजूर झाला, 1894 च्या जागी. भाची तो वाचणार आहे. खुल्या कारागृहांचा भाग आधी काढ आणि त्याखाली नियम कुठवर आले ते बघ, असं अण्णांनी तिला फोन ठेवताना बजावलंय. नियम हातात पडेपर्यंत कारकून कपाटातलं जुनंच मॅन्युअल उघडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.